एक्केचाळीस नंबरचा कंदील

दिनांक ७ ऑगस्ट २०१४. वस्तू क्रमांक एक्केचाळीस : कंदील, पत्र्याचा, मध्यम, काचेसह, नग एक. रुपये ८४.५०.

ही नोंद माझ्या टेबलावर आली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी पेन्सिलीला टोक काढत होतो. कारखान्याच्या पगार विभागात मी बत्तीस वर्षं हेच करत होतो. दर महिन्याच्या सात तारखेला दरकचेरीकडून बाजारभावांचा तक्ता येतो. चौसष्ट वस्तू, चौसष्ट भाव. त्यावरून मी निर्देशांक काढतो, निर्देशांकावरून महागाई भत्ता काढतो, आणि महागाई भत्त्यावरून अकराशे चाळीस कामगार मला शिव्या देतात. हा क्रम कधी चुकलेला नाही.

त्या दिवशी टोक जरा जास्तच बारीक निघालं म्हणून असेल, माझी नजर कंदिलावर अडकली. मागच्या महिन्याचा तक्ता काढला. ८४.५०. त्याच्या मागचा. ८४.५०. फाइल उलटी चाळत गेलो. एकशे आठ महिने, म्हणजे नऊ वर्षं, कंदील चौऱ्याऐंशी रुपये पन्नास पैशांवर बसून होता. तेवढ्या काळात कांदा चार वेळा वर जाऊन खाली आला, साबणाची वडी आहे त्याच भावात निम्मी झाली आणि माझ्या डोक्यावरचे केस गेले. कंदील समाधीतून हलला नाही. मी कॉमर्सचा माणूस. नऊ वर्षं भाव न वाढवणारा दुकानदार एकतर संत असतो नाहीतर मेलेला असतो, आणि संतांवर माझा विश्वास नाही.

खरं म्हणजे हे मला फार आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण जिचा भाव वाढत नाही ती वस्तू भत्ता वाढवत नाही, आणि भत्ता वाढला नाही की आमचे मॅनेजरसाहेब मला खोलीत बोलावत नाहीत. ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलावत नाही तिच्याकडे बघायची मला सवय नव्हती.

आमचा कारखाना आणि दरकचेरी यांच्यात एक करार आहे. नाव भारदस्त आहे : माहितीच्या दर्जाबाबत पुरवठादार व वापरकर्ता यांच्यातील करारनामा. ते पुरवठादार, आम्ही वापरकर्ते. सहा पानं, दोन शिक्के. कलम चार म्हणतं, भाव गोळा करणाऱ्याने ठरलेल्या दुकानात ठरलेली वस्तू, तिच्यावरच्या भावाच्या चिठ्ठीसह, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भाव लिहू नये. हे आमच्या त्या वेळच्या ऑडिटरने घातलं. त्याचा स्वतःच्या घड्याळावरही विश्वास नसे, तो दोन बांधायचा. कलम पाच म्हणतं, तक्त्यातला एकही रकाना रिकामा राहू नये. हे दरकचेरीच्या साहेबांचं. रिकामा रकाना दिसला की त्यांना घेरी येते. कलम सहाप्रमाणे एखाद्या वस्तूचा भाव एका महिन्यात एक पंचमांशाहून जास्त हलला तर दोन्ही बाजूंनी बसून खुलासा करायचा. आणि कलम नऊप्रमाणे वर्षातून एकदा वापरकर्त्याच्या माणसाने भाव गोळा करणाऱ्याबरोबर बाजारात हिंडून एक अहवाल द्यायचा. करार झाल्यापासून कलम नऊ कुणी वापरलं नव्हतं, कारण त्यात चालावं लागतं.

ठरलेली वस्तूच जगातून नाहीशी झाली तर काय करायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं. कलम चार आणि कलम पाच एका घरात आलेल्या दोन जावांसारखी होती. एकमेकींशी बोलत नव्हती आणि स्वयंपाक मात्र रोज होत होता.

तेव्हा मी कलम नऊ काढलं. २ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता बाजाराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.

भाव गोळा करणाऱ्या बाईचं नाव मला तक्त्याखालच्या सहीवरून माहीत होतं. बाजारात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे ती भावबाई. वय सत्तेचाळीस, अंगानं काटक, पायांत नवऱ्याचे जुने बूट, कारण बायकांच्या चपला तिला तीन महिने पुरत नाहीत. खांद्यावरच्या पिशवीत वही, दोन पेन्सिली, शिंप्याची टेप आणि हातातला लहान काटा, कारण प्रत्येक दुकानातला अर्धा किलो हा अर्धा किलो असतोच असं नाही. बावीस वर्षं ती दरकचेरीत रोजंदारीवर होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, चपला घालून आलात, असू द्या, हळू जाऊ. त्यानंतर ती जी सुटली, ते मी तिला गाठेपर्यंत सात वस्तू झाल्या होत्या.

पाववाल्याकडे तिने पाव काट्यावर ठेवला. वीस ग्रॅम कमी भरला. भाव तोच होता, पण तिने वहीत वाढ लिहिली.

"भावबाई, पाव खायचा असतो, तोलायचा नसतो," पाववाला म्हणाला.

"खाल्ल्यावर तोलता येत नाही ना, म्हणून आधी तोलते."

केशकर्तनालयात पाटीवर एक दर होता आणि घेतला जाई दुसरा. म्हणून ती तिथे बाकावर जाऊन बसे आणि एका गिऱ्हाइकाने पैसे देईपर्यंत हलत नसे. त्या दिवशी ती आत आलेली बघून दोघे दाढी न करताच उठले. न्हावी मला म्हणाला की ही बाई महिन्यातून एकदा येते आणि माझी दोन गिऱ्हाइकं खाऊन जाते, हा खर्च तुमच्या तक्त्यात कुठे धरता?

तिचे स्वतःचेही नियम होते. भाव लिहून होईपर्यंत दुकानात पाणीसुद्धा प्यायचं नाही. ज्या दुकानातून भाव घ्यायचा तिथून तिने किंवा घरच्यांनी एक काडेपेटीही विकत घ्यायची नाही. हा दुसरा नियम कचेरीचाच होता, पण पाळणारी ती एकटी. परिणाम असा की अख्ख्या गावातल्या स्वस्त दुकानांची यादी जिला तोंडपाठ, ती स्वतःचा बाजार दोन बस बदलून पलीकडच्या पेठेत महाग करून आणायची.

मग आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार चौऱ्याहत्तर वर्षांचे, सगळे त्यांना काका म्हणत. तिसऱ्या फळीवर, कुकरच्या रांगेत, नव्या जावयासारखा पुसूनबिसून कंदील बसवलेला होता. गळ्यात दोऱ्याने बांधलेली पिवळी पडलेली चिठ्ठी : ८४.५०. भावबाईने कंदिलाकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, वहीत लिहिलं. काकांनी कंदील पुन्हा पुसला.

मी विचारलं, असे किती कंदील आहेत?

हाच एक, काका म्हणाले. बनवणारा कारखाना २००५ साली बंद पडला. शेवटच्या डझनातला हा बारावा.

"कुणी मागत नाही?"

"मागतात की. मागच्या दिवाळीत दोघे आले होते. मी सांगितलं, हा विकायचा नाही, ह्याला भाव लावायचा आहे."

काकांच्या तोंडावर थट्टेचा लवलेश नव्हता. विकला तर बाईचा रकाना रिकामा पडेल, हे त्यांनी मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं.

पुढे दिवसभरात असे आणखी सहा निघाले. टाइपरायटरची फीत, शाईची दौत, सायकलचा डायनामो, कोरी कॅसेट, स्टोव्हची पिन आणि कॅमेऱ्याचा रोल. रोलची मुदत संपून सात वर्षं झाली होती. प्रत्येक दुकानात एकेक नग, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, आणि प्रत्येक दुकानदाराला ती वस्तू कुणालाही न विकण्याची सवय लागलेली. चौसष्टांतल्या सात वस्तू बाजारात नव्हत्या, नुसत्या फळीवर होत्या. त्यांचे भाव वाढायचं कारणच नव्हतं, आणि त्या सात जणींनी मिळून निर्देशांकाच्या पायाला दगड बांधला होता. मी चालता चालता मनात गणित केलं. त्यांच्या जागी लोक खरोखर घेतात अशा सात वस्तू धरल्या तर कामगारामागे महिन्याला चाळीसेक रुपये भत्ता जास्त द्यावा लागला असता.

रस्त्यात मी तिला म्हटलं, बाई, ही लबाडी आहे.

ती थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"वस्तू डोळ्यांनी पाहिली. त्याच दुकानात पाहिली. चिठ्ठी वाचली. कलम चार झालं. रकाना भरला, कलम पाच झालं. लबाडी कुठे आहे?"

"पण खरं नाही ना ते."

"खरं मागितल्याचं कलम दाखवा मला. मी उद्यापासून खरं लिहिते."

करार मला पाठ होता. सहा पानांत तसं कलम नव्हतं.

तिने नऊ वर्षांत दोनदा कचेरीला लेखी कळवलं होतं की या वस्तू बाजारातून गेल्या, यादी बदला. दोन्ही पत्रांना एकच उत्तर आलं : यादी बदलायला वापरकर्त्याची संमती लागते, ती मागवण्यात येईल. वापरकर्ते आम्ही. आमच्याकडे कुणी मागितलीच नाही. मागितली असती तर मॅनेजरसाहेबांनी दिली नसती, ही गोष्ट वेगळी.

भाव संपल्यावर तिने चहाला घरी बोलावलं. बाजारात ती पाजणार नव्हती आणि मला पाजू देणार नव्हती. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिवणयंत्र, यंत्रामागे नवरा. शिंपी, बोलका, तोंडात टाचण्या धरून बोलणारा. आतल्या खाटेवर सासूबाई. मी उंबरा ओलांडतो तोच त्यांनी आतून विचारलं, "सूनबाई, किती राहिले?"

"तीन, आई."

हे काय प्रकरण म्हणून मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टाचण्या काढल्या आणि सगळं सांगितलं. जानेवारी २०१० पासून दरकचेरीचा नियम असा की ज्या रोजंदाराचे सलग साठ तक्ते एकही रिकामा रकाना न ठेवता गेले, त्याला कायम करायचं. हिचे आज सत्तावन्न होतील. डिसेंबरात साठ. एक जानेवारीला कायम. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि पेन्शनला लागते दहा वर्षांची कायम नोकरी. पुढच्या फेब्रुवारीत हिला अठ्ठेचाळीस पूर्ण होतील. म्हणजे कायम नोकरी दहा वर्षं आणि एक महिना. वर एक महिना शिल्लक, तेवढीच काय ती चैन.

"मधे एक रकाना रिकामा राहिला तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा पहिल्यापासून साठ. मग पेन्शन विसरा."

सासूबाई आतून म्हणाल्या की सुनेची पेन्शन सुरू झालेली पाहिली म्हणजे त्या सुखाने डोळे मिटतील.

"मग साडेदहा वर्षं आहेत अजून," नवरा म्हणाला. "घाई करू नकोस आई, एवढ्यात कुणी बोलावत नाहीये."

चहा घेऊन मी घरी आलो आणि अहवाल लिहायला बसलो. मुदत महिन्याची होती. एक वाक्य लिहिलं : चौसष्ट वस्तू प्रत्यक्ष जागेवर पाहिल्या. वाक्यात खोटं काही नव्हतं. तरी सही न करता कागद खणात ठेवला. माझा कागद उशिरा जाण्याची बत्तीस वर्षांतली ती पहिली वेळ.

३ ऑक्टोबरला भावबाई माझ्या कचेरीत आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, कंदील गेला.

झालं ते असं. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दुकानात त्यांची सून बसली. तिला हा सगळा इतिहास कुणी सांगितला नव्हता. पलीकडच्या गल्लीत एकाने नवीन हॉटेल काढलं होतं आणि तो जुन्या वस्तू शोधत होता. त्याने फळीवरचा कंदील पाहिला, भाव विचारला. सुनेने आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग चिठ्ठी तोडली आणि सहाशे सांगितले. त्याने सहाशे मोजले, पावती घेतली आणि गेला. घरी आल्यावर सुनेने ही मर्दुमकी सांगितली तेव्हा सासऱ्याने डोळ्यावरची पट्टी काढायला हात वर केला म्हणे. डॉक्टरने दिलेली तंबी आठवून खाली घेतला.

भावबाई काकांना भेटायला गेली होती. काका म्हणाले, लिहा बाई चौऱ्याऐंशी पन्नास, मी सांगतो ना. ती म्हणाली, काका, तुमचा एक डोळा झाकलेला आणि माझ्यासमोर कंदील नाही, आपण दोघांनी मिळून काय पाहिलं म्हणून लिहू?

मग ती हॉटेलात गेली. कंदील दारावर टांगलेला होता, आत विजेचा दिवा. मालकाला वाटलं बाईला विकत हवा आहे. म्हणाला, विकायचा नाही. तिने वही काढल्यावर म्हणाला, नऊशे.

"आता सांगा," ती मला म्हणाली. "तुम्ही वापरकर्ते. काय लिहू?"

तिथे मी दोन मिनिटं गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. तीच उठून गेली असती, कचेरीत साहेबांना विचारलं असतं, आणि साहेबांनी जे सांगितलं असतं त्याची जबाबदारी साहेबांची. पण हिशेबाचा प्रश्न कुणी विचारला की माझ्या तोंडून उत्तर निघतं, जसं गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो.

मी म्हटलं, माल त्या दुकानातून सहाशेला विकला गेला, पावती आहे. वस्तूचा भाव म्हणजे ती ज्याला विकली जाते तो. नऊ वर्षांत या कंदिलाचा खरा भाव पहिल्यांदाच कळला आहे.

तिने पावतीची नक्कल पाहिली होती. वहीत सहाशे लिहिले.

७ ऑक्टोबरला तक्ता आला. एका कंदिलाने निर्देशांक असा उचलला की मॅनेजरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं, आणि ९ तारखेला कलम सहाप्रमाणे बैठक बसली. आमच्याकडून मॅनेजरसाहेब आणि टिपण घ्यायला मी. दरकचेरीकडून साहेब आणि भावबाई. पुरवठादार आणि वापरकर्ता यांचं एकमत व्हायला एरवी तीन बैठका आणि एक अपमान लागतो. त्या दिवशी चहा यायच्या आत झालं. सहाशे हा अपवादात्मक व्यवहार, तो धरता येत नाही, सबब मागच्या महिन्याचाच भाव कायम करावा. दोघे साहेब एकमेकांकडे बघून व्याह्यांसारखे हसले. दरकचेरीच्या साहेबांनी तक्ता भावबाईपुढे सरकवला आणि म्हणाले, खोडा आणि चौऱ्याऐंशी पन्नास करा, बाजूला सही.

तिने पिशवीतून पेन्सिल काढली.

"साहेब, नऊ वर्षं मी त्या कंदिलाकडे बघून लिहिलं. आता काय भिंतीकडे बघून लिहू?"

साहेब समजुतीने बोलले. एका महिन्याचा प्रश्न आहे, पुढचं पुढे बघू, काकांना दुसरा कंदील मिळवायला सांगू. ती म्हणाली, सहाशे चालत असतील तर ठेवा. चालत नसतील तर माझ्याकडे तिसरा आकडा नाही. मग रकाना रिकामा.

मॅनेजरसाहेबांना यातलं काही कळत नव्हतं. दरकचेरीच्या साहेबांना सगळं कळत होतं. माणूस म्हणून ते वाईट नव्हेत. खाली मान घालून हळूच म्हणाले, "बाई, हा अठ्ठावन्नावा आहे. माहीत आहे ना?"

"घरी सासूबाई मोजतात, साहेब. मला कसं माहीत नसेल."

तिने सहाशे खोडले, रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि बाजूला सही केली. सही नेहमीसारखीच आली, मी नीट पाहिली. मग पेन्सिल पिशवीत टाकली आणि चहा आला तो तिने प्यायला. तिथे कुठला भाव घ्यायचा नव्हता.

बैठक संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. खणातल्या अहवालाचं सांगितलं. बाकीच्या सहा वस्तूंचंही लिहू का, असं विचारलं. तिला विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं.

"एका रेघेनं पेन्शन गेली," ती म्हणाली. "सहा रेघांनी काय दुप्पट जाणार आहे? लिहा."

"घरी काय सांगणार?"

"ह्यांना सांगेन. आईंना ते सांगतील. त्यांना तोंडात टाचण्या धरून सांगायची सवय आहे, अर्धं कळत नाही."

आणि ती खाली उतरून गेली. नवऱ्याच्या त्या बुटांचा आवाज बराच वेळ जिन्यात येत होता.

अहवाल मी दहा दिवस उशिरा दिला. अडीच पानं. सात वस्तू, दुकानं, कोणती फळी, डावीकडून कितवी, किती वर्षं. पहिलं वाक्य खोडून टाकलं. करारात लिहिलंच होतं म्हणून एक प्रत आमच्या युनियनच्या अध्यक्षाला पाठवली. ते कलम अकरा. तेही कुणी वाचत नसे. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं की तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कलम नऊ आणि कलम अकरा. त्यांनी करार मागवला आणि माझ्यासमोर पहिल्यांदा वाचला. पहिल्यांदा, हे त्यांच्या पानं उलटण्यावरून कळत होतं.

पुढचे सात महिने दोन्ही कचेऱ्यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. डिसेंबरात, म्हणजे भावबाईचे साठ झाले असते त्या महिन्यात, युनियनने गेटवर सभा घेतली. अध्यक्ष ज्वलंत बोलले. त्यांनी कंदील हा शब्द सोळा वेळा वापरला आणि भावबाईचा उल्लेख एकदाही केला नाही. त्यांना ती माहीतच नव्हती. शेवटी सात वस्तू बदलल्या. टाइपरायटरच्या फितीच्या जागी मोबाइलचं रिचार्ज आलं, कंदिलाच्या जागी बॅटरीवरचा दिवा. भत्ता कामगारामागे त्रेचाळीस रुपयांनी वाढला. कामगारांनी अध्यक्षांना हार घातला आणि मला शिव्या दिल्या, त्रेचाळीसच का म्हणून.

१ जून २०१५ ला नवा करार झाला. चौदा पानं. कलम पाच आता असं आहे : वस्तू न आढळल्यास कारण लिहून रकाना रिकामा ठेवावा, असा रकाना भरलेला समजण्यात येईल. हे वाक्य भावबाईचं आहे. तिने ते वहीच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून दिलं आणि दोन्ही साहेबांच्या वकिलांना त्यात बदलायला काही सापडलं नाही. हे कलम मागच्या ऑक्टोबरलाही लावा, असं तिने विचारून पाहिलं. तिच्यापेक्षा जास्त मीच जोर लावला. उत्तर आलं की करार पुढे चालतो, मागे चालत नाही. दरकचेरीच्या साहेबांनी ते उत्तर टपालाने न पाठवता स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितलं. सासूबाईंनी त्यांना चहा दिला नाही.

मेपर्यंत कंदिलाचा रकाना दर महिन्याला रिकामाच गेला होता, तेव्हा जून २०१५ चा तक्ता तिचा पहिला. आज जानेवारी २०१७, विसावा गेला. साठ होतील मे २०२० मध्ये. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची असेल, कायम नोकरी पावणेपाच वर्षांची होईल, आणि पेन्शन मिळणार नाही. फंड मिळेल, आजारपणाचा खर्च मिळेल. नवऱ्याने यंत्राला मोटर बसवून घेतली आहे, म्हणतो की आता जरा लांबपर्यंत शिवावं लागेल. सासूबाई नव्याने मोजतात. परवा मी विचारलं, कशाला त्रास घेता? म्हणाल्या, सवय झाली आहे, आणि साठाच्या आत मला मरता येत नाही.

मी कलम नऊप्रमाणे दर वर्षी तिच्याबरोबर जातो. आता बूट घालून जातो. तिच्या तक्त्यात मागच्या महिन्यात तीन रिकामे रकाने होते आणि प्रत्येकापुढे एका ओळीचं कारण होतं. एक कारण असं : दुकानदाराच्या मुलीचं लग्न, दुकान बंद, दोनदा जाऊन पाहिलं. चौतीस वर्षांत मी इतका स्वच्छ तक्ता पाहिलेला नाही.

नव्या करारात कलम तेरा आहे. भाव गोळा करणाऱ्याने वापरकर्त्याच्या कोणत्याही माणसाशी पैशाचा व्यवहार करू नये, देणं नाही आणि घेणं नाही. सह्या झाल्या त्या दिवशी चौदा पानांची झेरॉक्स काढायची होती. पानाला एक रुपया. माझ्याकडे पाचशेची नोट होती आणि दुकानदाराकडे सुटे नव्हते, तेव्हा पैसे भावबाईने दिले. दुसऱ्या दिवशी मी द्यायला गेलो तर तिने कलम तेरावर बोट ठेवलं. कालपर्यंत चाललं असतं, म्हणाली, आज नाही. मी येत्या ३१ मार्चला निवृत्त होतो, त्यानंतर वापरकर्त्याचा माणूस राहणार नाही.

चौदा रुपये देणं आहे.